सर्व्हे नंबरावरून पूर्वजांचा माग

आमच्या घराण्याची वंशावळ चुलत आजोबांनी एका फुलस्केप कागदावर लिहून ठेवली आहे. ती सहा पिढ्या वर जाते आणि एका नावापाशी थांबते. त्या नावाशेजारी, आपण शिवकालापासून या गावचे मिरासदार, म्हणजे जमिनीचे वंशपरंपरागत हक्कदार, आहोत, असे एक वाक्य आहे. इंदापूर तालुक्यातील आमच्या गावात असे वाक्य नसलेले घर शोधूनही सापडणार नाही, त्यामुळे त्याची मला विशेष अडचण नव्हती. अडचण होती ती नावांची. आमच्याकडे थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे, आणि तिच्यामुळे सहापैकी चार पिढ्यांत दोनच नावे आलटून पालटून येतात. गावात आमच्याच आडनावाची आणखी तीन घरे असून त्यांच्याकडेही तीच रीत आहे, आणि नावेही जवळजवळ तीच आहेत. अशा परिस्थितीत एखाद्या जुन्या कागदात पूर्वजाचे नाव दिसले, तरी तो आपला पूर्वज की भावकीतल्या दुसऱ्या कुणाचा, हे नुसत्या नावावरून सांगता येत नाही.

म्हणून मी माणसांचा शोध बाजूला ठेवून जमिनीचा शोध घेतला. माणसे मरतात, गाव सोडतात, दत्तक जातात आणि एकमेकांची नावे घेतात. शेत मात्र जागचे हलत नाही. शेताचा क्रमांक बदलतो, पण कोणत्या क्रमांकाचा कोणता झाला हे सरकारने लिहून ठेवलेले असते, कारण त्यावर सारा अवलंबून असतो. तेव्हा आज आपल्या ताब्यात असलेल्या एका तुकड्यापासून सुरुवात करावी, तो तुकडा दर पिढीत कुणाच्या नावावर होता ते मागे मागे पाहत जावे, आणि त्या नावांची वंशावळीशी सांगड घालावी, हा क्रम मला अधिक भरवशाचा वाटतो.

पहिला अडथळा गट नंबरांचा येतो. १९४७च्या तुकडेबंदी आणि तुकडेजोड कायद्याखाली ज्या गावांत एकत्रीकरण योजना राबवली गेली, तिथे जुने सर्व्हे नंबर मोडून नवे गट पडले, आणि आजच्या सातबारावर गट नंबरच असतो. जुन्या-नव्या क्रमांकांचा मेळ घालणारे एकत्रीकरणाचे पत्रक तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. मात्र आपला आजचा गट दोन जुन्या नंबरांच्या तुकड्यांतून बनलेला असू शकतो, आणि त्यातला एखादा तुकडा अदलाबदलीत दुसऱ्याकडून आलेला असू शकतो. ज्या तुकड्याचा माग काढायचा तो वडिलोपार्जित आहे की योजनेतून पदरात पडलेला आहे, हे याच टप्प्यावर ठरवले नाही, तर पुढचे सगळे शोधकार्य भलत्याच घराण्याचे होऊन बसते.

एकदा जुना सर्व्हे नंबर हाती आला, की फेरफार नोंदवही उघडावी. मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ साली झाला आणि त्यानंतर गावोगावी हक्कपत्रके तयार झाली. आज गाव नमुना ६ म्हणून ओळखली जाणारी ही नोंदवही म्हणजे या सगळ्या शोधातला सर्वांत बोलका कागद आहे. खातेदार मयत झाला, त्याचे वारस अमुक, त्यांपैकी अमुक अज्ञान (म्हणजे अल्पवयीन) असून त्याची पालनकर्ती आई, असा मजकूर तिथे वाक्यांत लिहिलेला असतो, आणि मृत्यूची तारीखही पुष्कळदा असते. वाटप, खरेदीखत, गहाण, हक्कसोड अशा प्रत्येक नोंदीत दोन-चार नाती उलगडतात. सातबारावरच्या ‘अ.पा.क.’ आणि ‘ए.कु.मॅ.’ या अक्षरांमागेही अशीच नाती दडलेली असतात. पहिले अक्षर-त्रिकूट अज्ञान पालनकर्त्याचे आहे आणि दुसरे एकत्र कुटुंबाच्या मॅनेजरचे. एखाद्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ दिसले, की त्याच्यामागे कागदावर न आलेले भाऊ उभे आहेत, असे धरूनच चालावे.

स्त्रिया या नोंदींत फार उशिरा आणि बहुतेक वेळा विधवा म्हणूनच येतात. जुन्या मजकुरात पतीच्या नावाआधी ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ असते. मुलींची नावे १९५६च्या वारसा कायद्यानंतर दिसू लागतात, तीही अनेक वर्षे इतर हक्काच्या रकान्यात, भावांच्या नावांपासून वेगळी काढून. माझ्या पणजीचे नाव घरात कुणालाही सांगता येत नव्हते, कारण सगळे तिला ‘थोरल्या आई’ म्हणत. ते नाव मला एका वारस फेरफारात सापडले, कारण पणजोबा वारले तेव्हा आजोबा सात-आठ वर्षांचे होते आणि सरकारला सारा भरायला कुणीतरी सज्ञान माणूस हवे होते.

खरा प्रश्न १९०३च्या मागे जाताना उभा राहतो. इथे फेरफार नाहीत, आणि जे आहे ते समजून घ्यायचे तर मोजणी कशी झाली हे ठाऊक असावे लागते. पेशवाई गेल्यानंतर पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पहिली मोठी पाहणी केली आणि १८३०च्या सुमारास तिच्यावर आधारलेली आकारणी लागू झाली. शेताचे एकूण उत्पन्न काढायचे, त्यातून खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचा ठरावीक हिस्सा सारा म्हणून घ्यायचा, ही तिच्यामागची कल्पना कागदावर सुबक होती. प्रत्यक्षात मोजणी आणि प्रतवारी दोन्ही सदोष निघाली, दर जड झाले, आणि इंदापुरासारख्या अवर्षणी तालुक्यात शेते पडीक टाकून लोक निघून जाऊ लागले. १८३५ साली गोल्डस्मिड आणि त्याच्या जोडीला आलेला लेफ्टनंट विंगेट यांनी इंदापुरातच हे काम नव्याने हाती घेतले. १८३६पासून पूर्वीपेक्षा बरेच हलके दर तीस वर्षांसाठी ठरवून दिले गेले, आणि हीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर पसरली. गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन यांच्या १८४७च्या संयुक्त अहवालाने तिचे नियम पक्के केले. आपण आज ज्याला सर्व्हे नंबर म्हणतो, तो या पद्धतीचा वारसा आहे, आणि त्याची सुरुवात आमच्या तालुक्यात झाली याचा मला थोडासा अकारण अभिमान वाटतो.

या पद्धतीत मोजणीची साखळी ३३ फुटांची होती; तिच्या लांबीचा चौरस म्हणजे एक गुंठा, आणि ४० गुंठ्यांचा एक एकर. त्याआधीचे कागद बिघ्यात बोलतात. पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा आणि १२० बिघ्यांचा चाहूर असे ते कोष्टक आहे. काठी गावोगावी सारखी नसल्यामुळे बिघ्याचा एकर करून जुने आणि नवे क्षेत्र जुळवायला जाऊ नये, त्यापेक्षा चतुःसीमा जुळवाव्यात. पूर्वेस ओढा, दक्षिणेस पांढरीची वाट, पश्चिमेस अमक्याचे शेत, असे वर्णन क्षेत्रफळाहून जास्त टिकाऊ ठरते.

भूमी अभिलेख कार्यालयात या मोजणीचे टिपण बुक, प्रतिबुक, वसलेवार बुक, शेतवार पत्रक आणि आकारबंद अशी निरनिराळी बाडे असतात. वंशावळीच्या दृष्टीने उपयोगी ते शेतवार पत्रक, कारण त्यात नंबराच्या शेजारी खातेदाराचे नाव असते. तरीही प्रतिबुक पाहिल्याशिवाय मी कुणालाच परत येऊ देणार नाही. प्रत लावणारा कारकून शेताचा कच्चा आराखडा काढून त्याचे चौकोन पाडी, ठिकठिकाणी खणून मातीची खोली पाही, आणि काळी, तांबडी की बरड हे ठरवून नऊ प्रतींपैकी एक लावी. चुनखडी, वाळूची भेसळ, उतार, पाणथळपणा असे दोष खुणांनी दाखवून त्या त्या मानाने प्रत उतरवली जाई, आणि शेवटी सगळ्याचा हिशेब आण्यांत होई. आमच्या शेताच्या दक्षिणेकडच्या पट्ट्यात काही नीट येत नाही, अशी तक्रार मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. प्रतिबुकात त्या चौकोनावर उथळ मातीची आणि चुनखडीची नोंद आहे. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका कारकुनाने पहारीने जे पाहिले, त्यासाठी आम्ही मध्यंतरी माती परीक्षणाचे पैसे भरले.

आता शेतवार पत्रकातील नावाकडे वळतो. तिथे माणूस ‘अमुक बिन तमुक’ असा येतो, म्हणजे अमुक हा तमुकाचा मुलगा. एका नोंदीत दोन पिढ्या मिळत असल्याने लागोपाठच्या दोन नोंदी जुळल्या, की तीन पिढ्यांची साखळी पक्की होते. आडनाव मात्र पुष्कळदा नसते, आणि असले तर पाटील, माळी, न्हावी असे वतनाचे किंवा जातीचे असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, त्या रकान्यात लिहिलेला माणूस हा जमिनीचा एकटा मालक असेलच असे नाही. तो सारा भरण्यास जबाबदार धरलेला माणूस आहे. नंबर पाडताना एका बैलजोडीने किती जमीन वाहता येते हे माप डोळ्यांसमोर होते, आणि ठरावीक मर्यादेपेक्षा लहान तुकड्यांना स्वतंत्र नंबर मिळत नसे. त्यामुळे एका नंबरात तीन भावांचे, क्वचित तीन निरनिराळ्या घरांचे, हिस्से असत आणि नाव एकाचेच लागे. वंशावळ काढणारे पुष्कळ लोक इथे फसतात आणि धाकट्या शाखांना थोरल्या शाखेत कोंबून टाकतात.

धाकटे भाऊ सापडतात ते सावकाराच्या कागदात. तीस वर्षांची मुदत संपल्यावर १८६७च्या सुमारास इंदापुरात फेरआकारणी झाली आणि सारा पुष्कळ वाढला. त्याच सुमारास कापसाचे चढलेले भाव कोसळले, कर्जे फुगली, आणि मे १८७५मध्ये शेजारच्या भीमथडीतील सुप्याला सावकारांविरुद्ध दंगा उसळला, ज्यात लोकांचा रोख मुख्यतः कर्जरोखे हिसकावून जाळण्यावर होता. त्यातून १८७९चा दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा आला, आणि त्याने शेतकऱ्यांचे दस्त ग्राम निबंधकासमोर लिहून नोंदवण्याची व्यवस्था केली. या काळातील गहाणखते माझ्या दृष्टीने शेतवार पत्रकापेक्षाही मोलाची आहेत. सरकारला एक नाव पुरत असे. सावकाराला पुरत नसे, कारण उद्या दुसरा भाऊ उठून माझा हिस्सा गहाण नव्हताच म्हणाला तर पैसे बुडत. आमच्या घरच्या पेटीतल्या एका गहाणखतात म्हणूनच चारही भावांची नावे, जात, धंदा, राहण्याचे गाव आणि प्रत्येकाचे अदमासे वय आहे. त्या वयांवरून मला चार जन्मसाले काढता आली, आणि वंशावळीत नसलेल्या एका भावाचा पत्ता लागला. तो निपुत्रिक वारला असावा, कारण पुढच्या एकाही कागदात त्याचे नाव येत नाही.

त्या काळात जमिनीचा हस्तांतर-व्यवहार राजीनामा आणि कबुलायत यांनी होत असे. जुना खातेदार नंबराचा राजीनामा देई आणि नवा कबुलायत लिहून देई. गावाच्या दप्तरात अशा अर्जांचे गठ्ठे टिकले असतील, तर १९०३पूर्वीच्या खातेबदलांची कारणे त्यांतूनच कळतात. अर्थात टिकले असतील तर. एका कार्यालयात मला जो गठ्ठा दाखवण्यात आला, त्याला हात लावताच कागदाचा भुगा होऊ लागला आणि नकलेच्या अर्जावर ‘अभिलेख जीर्ण’ असा शेरा मिळाला. कर्मचाऱ्यांना दोष द्यावा असे मला वाटले नाही. शंभर गावांची बाडे आणि ती वाचू शकणारी माणसे यांचे प्रमाणच विपरीत आहे. हे बहुतेक कागद मोडीत आहेत. अलीकडे कुणबी नोंदी शोधण्यासाठी २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचकांना अचानक भाव आला आणि जुनी बाडे उघडली गेली. त्या निमित्ताने अनेक घरांना आपल्या पूर्वजांची नावे पहिल्यांदा दिसली. तुम्हाला शोध घ्यायचा असेल, तर मोडी स्वतः शिकावी असे मी सुचवीन. महसुली कागदांतील शब्दसंपत्ती मर्यादित आणि पुनरुक्त असते, त्यामुळे काही महिन्यांच्या सरावाने नाव, नंबर आणि आकार एवढे तरी वाचता येते. तारखांसाठी फसली आणि सुहूर सन यांची ओळख करून घ्यावी. आपल्याकडच्या फसली सालात ५९० किंवा ५९१ आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येते. ‘खमस अशरीन मया व अलफ’ पाहून बिचकू नये. ते ११२५ हे सुहूर साल आहे, म्हणजे इसवी सन १७२४-२५.

ज्यांच्याकडे वतन होते त्यांचे काम सोपे असते, हे इथे सांगितले पाहिजे. इनामांचे हक्क तपासणाऱ्या इनाम कमिशनच्या चौकशीत आणि नंतरच्या वतनाच्या दाव्यांत लोकांना आपला हक्क सिद्ध करण्यासाठी वंशावळी दाखल कराव्या लागल्या, आणि पाटील-कुलकर्ण्यांच्या घरांना त्या आजही आयत्या मिळतात. याउलट इनामाच्या ६ब या वर्गातील महार वतनाच्या जमिनी पुष्कळ ठिकाणी ‘समस्त महार’ अशा एकत्रित नोंदीने लागलेल्या दिसतात. सरकारला आणि गावाला त्यांची चाकरी हवी होती. कुणाचा मुलगा कोण, हे लिहिण्याची गरज कुणाला वाटली नाही. ज्यांच्याकडे जमीनच नव्हती, त्यांचे या दप्तरात काहीच नाही. अशा घरांनी गाव नमुना १४, म्हणजे कोतवालाने ठेवलेली जन्म-मृत्यूची नोंदवही, आणि क्षेत्रोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रांच्या पुरोहितांच्या, वह्या यांच्याकडे आधी वळावे. भूमापनाच्या कागदांवरून पूर्वज शोधता येतात, असे आपण सहज म्हणतो, तेव्हा ते खातेदारांपुरतेच खरे असते.

आमच्या शोधाचे फलित थोडक्यात सांगतो. आमचा सर्वांत जुना नंबर १८६७च्या फेरआकारणीच्या वेळी वंशावळीतल्या पाचव्या पुरुषाच्या नावावर आहे, आणि ‘बिन’च्या पुढे सहाव्याचे नाव आहे. इथवर चुलत आजोबांचा कागद बरोबर ठरला. पण त्याच नंबराची पहिल्या आकारणीच्या वेळची नोंद पाहिली, तर तिथे आमच्या घराण्यातले कुणीच नाही; शेत पडीक, सरकारी म्हणून लागले आहे, आणि शेरा गतकुळीचा आहे, म्हणजे ज्या कुळाची मूळ मिरास होती ते नष्ट किंवा परागंदा झाले होते. सहावा पुरुष त्यानंतर केव्हा तरी, सारा हलका झाल्यावर, त्या पडीक जमिनीवर येऊन बसला. तालुक्याचा इतिहास पाहता यात नवल काहीच नाही. नवे दर लागू झाल्यावर इंदापुरात लागवडीचे क्षेत्र वाढले, ते अशाच माणसांनी वाढवले.

घरात हे वाचून दाखवले तेव्हा थोरल्या चुलत्यांना पटले नाही. शिवकालापासूनचे मिरासदार एकदम कंपनी सरकारच्या काळातले उपरी, म्हणजे मिरासहक्क नसलेले बाहेरून आलेले कसणारे, झाले, हे त्यांना लागले. माझे म्हणणे असे की दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. मिरास होती, पण या गावची नव्हती. आमच्याकडे दर माघात नीरेपलीकडच्या, माळशिरस तालुक्यातल्या एका गावच्या भैरोबाला नैवेद्य जातो; त्या गावात आमची जमीन नाही, घर नाही आणि ओळखीचा माणूसही नाही. का जातो, याचे उत्तर कुणी देत नाही. १८३६ साली नीरेचा तो काठ सातारच्या महाराजांच्या राज्यात होता. १८४८ साली ते राज्य खालसा झाले, आणि इंग्रजी पद्धतीची मोजणी तिथे त्यानंतर पोहोचली. म्हणजे आमचा माणूस तिथून निघाला असेल, तर तिथल्या पहिल्या मोजणीत तो मिळणार नाही. मिळालाच तर त्याच्या मागे राहिलेला भाऊ किंवा पुतण्या मिळेल, नाहीतर गतकुळीत पडलेले त्याचे थळ, म्हणजे मिरासीची जमीन, मिळेल.

त्याच्या आधीचे कागद पुण्याच्या पुरालेखागारात, पेशवे दफ्तराच्या आणि त्यासोबत ठेवलेल्या सातारकर महाराजांच्या दफ्तराच्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांत, शोधावे लागतील. तिथे प्रांत आणि गाव सांगितल्याशिवाय पुढे सरकता येत नाही, आणि गावाचे नाव आता माझ्याकडे आहे. त्या गावच्या थळझाड्यात, म्हणजे थळांच्या यादीत, आमच्या आडनावाचे थळ असेल, तर चुलत आजोबांच्या वाक्यातले फक्त ‘या गावचे’ एवढे शब्द बदलावे लागतील.